लिफ्टमध्ये मांडलेला खिसा

"माझ्या खिशात जे नाही, त्याची माणसाला गरजच नाही!" असं खुळखुळा येताजाता म्हणायचा, आणि ऐकणारा पळून जायच्या आत पुरावा म्हणून खिसे रिकामे करायला लागायचा.

खुळखुळा हे काही त्याचं नाव नव्हे. आईबापांनी हौसेनं चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. एका पाचमजली इमारतीत सगळी ऑफिसं होती, त्या इमारतीची एकुलती एक लिफ्ट हा सांभाळायचा. चालायला लागला की भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं तसा आवाज यायचा. तोंडावर सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. पाठ फिरली की खुळखुळा!

काय नव्हतं त्याच्या खिशात? एक टॉर्च. तो टॉर्च अंधारात सापडावा म्हणून दुसरा छोटा टॉर्च. पोटात बारा हत्यारं लपवून बसलेला चाकू. घडीची पक्कड. शिटी, चुंबक, दोरीची गुंडाळी, मोजपट्टी, भिंग, कात्री, काडीवर बसवलेला इवलासा आरसा. आणि होकायंत्र! लिफ्ट फक्त वर जाते आणि खाली येते, तिला उत्तर-दक्षिण कशाला कळायला हवी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं की तो अर्धा तास सांगायचा.

त्याची बायको शिवणकाम करायची. सगळ्या गावाचे कपडे ती एकदा शिवायची, नवऱ्याचे खिसे मात्र दर आठवड्याला.

"अहो, मी पँट शिवली तेव्हा मला वाटलं आत माणूस असणार आहे," ती म्हणायची. "हे तर हार्डवेअरचं दुकान निघालं! आता कापड लावू का पत्राच ठोकू?"

"तुला नाही कळायचं. अडचण काय सांगून येते?"

"नाही ना. ती तर माझ्याशी लग्न करून आली."

असं ती म्हणायची आणि दाताने दोरा तोडायची.

तर या खुळखुळ्याला फोनवर एक ग्रुप सापडला. नाव, ‘रोजचा खिसा’. जगात असेही लोक आहेत, हे बघून त्याचा ऊर भरून आला. दिवसभर खिशात काय काय बाळगतो, ते टेबलावर मांडायचं, फोटो काढायचा आणि एकमेकांना दाखवायचा! बस्स, एवढाच त्यांचा धंदा. आता खरं बोलायचं तर या ग्रुपात निम्म्याहून जास्त लोक असे, की ज्यांनी जन्मात एक स्क्रू फिरवला नसेल, पण स्क्रू फिरवायची सहा हत्यारं बाळगतात. जंगलात हरवल्यावर जगायचा चाकू कमरेला लावून हे एसीत बसणार, आणि त्या चाकूनं पार्सलची चिकटपट्टी कापणार. तीही वाकडी! तरी मिजास बघाल तर लढाईवरून आत्ताच परतलेत. खुळखुळा निदान रोज हात काळे करणारा माणूस होता. पण ग्रुपात काळ्या हातांना किंमत नव्हती. तिथे किंमत फोटोला!

आणि फोटोचे नियम कडक. सगळ्या वस्तू सरळ रेषेत, एकमेकींना काटकोनात. फोटो बरोब्बर डोक्यावरून. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे खिशात जे जे आहे ते सगळं फोटोत हवं, लपवाछपवी चालणार नाही.

खुळखुळ्यानं पहिला फोटो घरी पलंगावर काढला. फुलाफुलांची चादर. त्यावर ग्रुपात असा धुरळा उडाला की विचारू नका.

"पक्कड झोपली आहे का? हळू बोलू का?"

"डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी पाय दिसतोय. तोही रोज खिशात असतो का?"

पाय बायकोचा होता. ती पडदे काढत होती. खुळखुळ्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. माणूस काय काय सहन करतो, पण आपल्या पक्कडीवर हसलेलं कोण सहन करेल!

मग त्याला जागा सुचली. लिफ्ट! खाली काळाकुळकुळीत रबराचा नवा कोरा मॅट, त्यानंच पसरलेला. वर छतभर पांढरा पसरट दिवा, सावलीला जागाच नाही. चारी बाजूंनी चकाकतं स्टील, मागे आरसा. असला स्टुडिओ शहरात शोधून सापडला नसता, आणि त्याची चावी खुळखुळ्याच्या खिशात!

दिवस मात्र त्यानं असा निवडला की त्याच्या अकलेला कोपरापासून नमस्कार.

त्याच दिवशी त्याच्या पोटापाण्याचा फैसला होता. लिफ्टचं काम आपल्याला द्या म्हणून एक नवी कंपनी इमारतीच्या मालकांच्या मागे लागली होती. कडक इस्त्रीचे कपडे, छातीवर नावाची पट्टी, हातात टॅब्लेट, तोंडात गोड इंग्रजी. मालक पाघळले होते. समोरच्या रस्त्यापलीकडे मालकांचं ऑफिस, तिथे सकाळी मीटिंग, आणि इमारतीच्या मॅनेजर मॅडम जे सांगतील ते मालक ऐकणार. मॅडमनी आदल्या दिवशीच खुळखुळ्याला बजावलं होतं.

"मिस्त्री, मी उद्या तुमच्या बाजूनं बोलणार आहे. पण उद्या लिफ्ट अडली, तर माझं तोंड बंद आणि तुमचं कामही. कळलं?"

"मॅडम, लोण्यातून सुरी जावी तशी चालेल!"

त्या मीटिंगसाठी मॅडमनी नवा कोट शिवायला टाकला होता. कुणाकडे? खुळखुळ्याच्या बायकोकडेच! ती सकाळी कोट घेऊन पाचव्या मजल्यावर मॅडमच्या केबिनमध्ये गेली होती. खुळखुळ्यानं हिशेब केला. मॅडम वर कोट घालून बघतायत, म्हणजे तासाची निश्चिंती. बाकीची ऑफिसं अजून जांभया देतायत. लिफ्टला कोण विचारतंय? पाच मिनिटांचं काम!

लिफ्टमध्ये बटणांच्या खाली चावीचा एक स्विच असतो. चावी घालून ‘बंद’वर फिरवली की लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं टाकून गपगार उभी राहते, कुणी कितीही बटणं बडवा. खुळखुळ्यानं चावी फिरवली. प्लॅस्टिकचं स्टूल आत घेतलं. गुडघ्यावर बसून एकेक वस्तू मांडली. मोजपट्टीनं अंतरं मोजली, मग मोजपट्टीही मांडली. स्टुलावर चढून वरून पाहिलं.

अहाहा! दागिन्यांच्या दुकानाची खिडकी झक मारेल!

पण मधोमध एक मोकळी जागा. चावीच्या जुडग्याची!

आता चावी स्विचमध्ये. तीच या सगळ्या संसाराची राणी. त्याच जुडग्यात मजल्यांवरची दारं बाहेरून उघडायची तिकोनी चावी, त्याच जुडग्यात गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची चावी. तिच्याशिवाय फोटो टाकायचा? आणि नियम काय सांगतो? लपवाछपवी चालणार नाही! खुळखुळा कसाही असला तरी प्रामाणिक माणूस. (तो किती प्रामाणिक ते पुढे कळेलच.)

आता गोम अशी, की त्या स्विचमधून चावी फक्त ‘चालू’वरच बाहेर निघते. ‘बंद’वर असताना ती निघत नाही. लिफ्ट बंद ठेवून चावी घेऊन कुणी मूर्ख निघून जाऊ नये म्हणून बनवणाऱ्यानं केलेली सोय. लिफ्ट चालू ठेवून चावी फोटोत मांडणारा मूर्ख त्याच्या डोळ्यांसमोर आला नसावा.

खुळखुळ्यानं स्टूल दारात अडकवलं, चावी ‘चालू’वर फिरवली, काढली, मधोमध ठेवली. दार मिटायला आलं, स्टुलाला धडकलं, मागे गेलं. परत आलं, परत धडकलं. तेवढ्यात यानं हात उंच करून, टाचा वर करून, श्वास रोखून फोटो काढला. आणि काय फोटो आला! देवानं वरून पाहिल्यासारखा!

टाकायला गेला तर रेंज नाही. लिफ्ट म्हणजे लोखंडी डबा, रेंज कुठून येणार? म्हणून तो बाहेर आला. एकच मिनिट, म्हणाला. आणि बाहेर येताना सवयीनं काय आणलं बरोबर?

स्टूल!

लॉबीत वॉचमनच्या टेबलापाशी बसून त्यानं फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘एकूण एक वस्तू स्वतः जमवलेली. कष्टाची.’ त्याच्या पाठीमागे दार मायेनं मिटलं आणि लिफ्ट सगळा संसार घेऊन वर निघाली.

"मिस्त्री," वॉचमन म्हणाला. हा म्हातारा एका जागी बसून जगाकडे असं बघायचा की जग त्याच्या परवानगीनं चाललंय. "लिफ्ट गेली."

"जाऊ दे हो. हे बघा, अठरा जणांना आवडला!"

"पाचव्यावर गेली."

"एकोणीस! ... कुठे गेली?"

पाचव्या मजल्यावर मॅडमना उशीर होत होता. कोट झकास बसला होता, फक्त डाव्या बाहीला कच्चे टाके होते. "चालता चालता घाला हो टेलरताई!" असं म्हणून मॅडम निघाल्यासुद्धा. खुळखुळ्याची बायको सुईदोरा घेऊन त्यांच्या बाहीला लोंबकळत मागे. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा मॅडमची नजर घड्याळावर, बाईंची नजर सुईवर. खाली बघायला कोण मोकळं होतं?

मॅडमचा पाय पडला थेट टॉर्चवर.

तो गोल. तो फिरला. मॅडम त्याच्यावरून अशा सरकल्या की सर्कशीवाल्यांनी तिथेच नोकरी दिली असती. बाईंनी त्यांना बाहीला धरून सावरलं. चाकू या कोपऱ्यात, शिटी त्या कोपऱ्यात, होकायंत्र आरशाखाली. आणि एक जाडजूड पेन गडगडत गेलं ते दाराच्या खालच्या खोबणीत जाऊन आडवं पडलं. दार मिटलं खरं, पण पेनावर चेपून. लिफ्टला वाटलं मिटलं. निघाली. दोन मजले उतरली, हादरली, दार किंचित सरकलं, लिफ्टच्या मनात शंका आली आणि ती मध्येच थांबली. ना धड तिसऱ्यावर, ना धड दुसऱ्यावर.

लिफ्टमधून बोलायचा डबा खाली वॉचमनच्या टेबलाशेजारी भिंतीवर होता. त्याचा आवाज बारीक करायचं बटण कधीच तुटलं होतं. ते दुरुस्त करायचं काम अर्थातच खुळखुळ्याकडे. त्यामुळे मॅडम बोलल्या ते अख्ख्या लॉबीनं ऐकलं.

"कोण आहे तिकडे? लिफ्ट अडकलीय! आणि इथे खाली बाजार कुणी मांडलाय?"

खुळखुळ्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. तो वॉचमनच्या कानाला लागला. "मी नाही म्हणून सांगा."

वॉचमननं डब्याचं बटण दाबलं. "मॅडम, मिस्त्री म्हणतायत, ते इथे नाहीत."

"अहो!" डब्यातून बायकोचा आवाज आला. ती ‘अहो’ अशी म्हणाली की टेबलावरचं रजिस्टर थरथरलं. "ही तुमची पक्कड आहे ना? ही तुमची शिटी आहे ना? तुम्ही बाहेर आणि खिसा आत, हे जमवलंत तरी कसं?"

"अगं, घाबरू नकोस! मी आलोच!"

"घाबरतंय कोण? तुम्ही या वर, मग कोण घाबरतं ते बघू!"

खुळखुळा जिन्याकडे धावला आणि चौथ्या पायरीवर थांबला. धावून करणार काय? मजल्याचं दार उघडायची तिकोनी चावी लिफ्टमध्ये. मशीनच्या खोलीची चावी लिफ्टमध्ये. त्यानं सवयीनं दोन्ही खिशांत हात घातले. अस्तराशिवाय हाताला काही लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो बिनआवाजाचा चालत परत आला. वॉचमननं सुद्धा वळून पाहिलं, कोण नवीन माणूस म्हणून.

"मॅडम, जादा चावी तुमच्याकडे असते ना?" त्यानं डब्यात विचारलं.

"असते ना! जादा चावी माझ्या कपाटात. कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये. पर्स माझ्या खांद्यावर. आणि खांदा कुठाय? इथे!"

तोवर लॉबीत माणसं जमायला लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची मदतनीस आली. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब बॅग सांभाळत आले. लिफ्ट बंद म्हटल्यावर निम्म्यांनी जिना धरायला हवा होता. कुणी हलेल तर शपथ! फुकटचा तमाशा टाकून जिना कोण चढतो?

"दाराखाली खोबणीत बघ," खुळखुळा डब्यात ओरडला. "काही अडकलंय का?"

"पेन अडकलंय. भलं मोठं. पेन आहे का मुसळ?"

"ते साधं पेन नाही! संकटकाळी वापरायचं पेन आहे! त्याच्या टोकानं काच फुटते!"

"मग फोडू का आरसा?" मॅडम म्हणाल्या.

"नको! नको! आरसा मी परवाच बसवलाय!"

"आणि हे लिहितं का तरी?"

त्या पेनातली शाई कधीच वाळली होती. संकटकाळी लिहायची वेळ येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"हे बघ, ते पेन ओढून काढायचं, दार नीट मिटलं की लिफ्ट आपोआप खाली येईल. तुझ्याजवळ सगळी हत्यारं आहेत. माझा चाकू घे. त्याच्या पोटात चिमटा आहे. नखानं ओढ."

खटपट ऐकू आली. मग मॅडमचा आवाज. "माझं नख तुटलं. चिमटा आतच आहे."

"दुसऱ्या बोटानं बघा ना, जरा घट्ट आहे. नवा आहे."

"किती वर्षांपूर्वी घेतला?" बायकोनं विचारलं.

"... तसा जुना आहे. वापरला नाही म्हणून नवा."

वॉचमन खोकला. ते खोकणं हसण्यासारखं होतं. खुळखुळ्याचा फोन मधूनमधून टिंग टिंग वाजत होता. ग्रुप पेटला होता. ‘काय मांडणी! काय उजेड!’ असं काय काय येत होतं. एकानं लिहिलं, ‘कात्री कुठली? असली नाजूक कात्री आजवर कुणाच्या खिशात पाहिली नाही!’

तेवढ्यात डब्यातून किंकाळी आली.

"माझी कात्री!"

लॉबी दचकली.

"अहो! ही माझी काजं कापायची कात्री! घरभर शोधली! शेजारणीवर संशय घेतला! तिच्याशी बोलणं टाकलं! आणि ही तुमच्या खिशात?"

"अगं, ती... सांभाळून ठेवली होती."

"थांबा, थांबा," मॅडमचा आवाज. "ही मोजपट्टी बघू. हिच्यावर माझ्या ऑफिसचं लेबल आहे! मी शिपायाला बोल बोल बोलले या मोजपट्टीपायी!"

लॉबीत दातांच्या डॉक्टरांची मदतनीस एकदम पुढे घुसली आणि डब्यात तोंड घातलं. "हॅलो! काडीवाला छोटा आरसा आहे का हो तिथे? दात बघायचा?"

"आहे!"

"अगंबाई! डॉक्टरांनी तीन दिवस मला पेशंटांच्या तोंडात शोधायला लावला होता!"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. कोर्टात उभं राहिल्यासारखे ते डब्यासमोर उभे राहिले. "तिथे एखादं भिंग आढळून येतं का? काळ्या मुठीचं?"

"आढळून आलं!" दोघी एकदमच म्हणाल्या.

खुळखुळ्यानं चोरी केली होती असं कुणी म्हणू नये. तो वस्तू क्षणभर मागून घ्यायचा. पॅनेलच्या मागे डोकवायला आरसा, बारीक अक्षरं वाचायला भिंग. काम झालं की हात आपोआप खिशात जायचा. आणि त्या खिशात गेलेली वस्तू परत वर आली, असं त्या इमारतीत कुणाला आठवत नव्हतं. त्याला तर ती आपलीच वाटायची. मनापासून! पण ‘एकूण एक वस्तू स्वतः जमवलेली’ हे त्यानं आत्ताच जगाला लेखी कळवलं होतं, आणि आता तर त्याखाली एकशे बारा जणांचे अंगठे होते.

"मिस्त्री!" मॅडम कडाडल्या. "माझी मीटिंग सुरू होतेय! तुमचं काम राहणार का जाणार ते ठरवायला मी निघालेय आणि तुमच्याच पेनानं मला इथे कोंडलंय! काही सुचतंय का?"

त्याला काही सुचत नव्हतं. सुचायचं असेल तर आधी हात खिशात जावा लागायचा.

सुचलं बायकोला. "मॅडम, या पेनाला क्लिप आहे. मी दोऱ्याचा फास टाकते. काजाचा दोरा आहे, मजबूत. खोबणीच्या रेषेत ओढलं तर सरकेल. तुमच्या हातात जोर आहे, तुम्ही ओढा."

"ओढू?"

"एक, दोन..."

डब्यातून जो आवाज आला तो लॉबीतल्या कुणी आधी ऐकला नव्हता. आधी फुस्स, मग टर्र, मग धप्प!

"काय झालं?" खुळखुळा ओरडला. "निघालं का?"

"निघालं," बायकोचा आवाज बारीक झाला होता. "पेन निघालं. आणि बाहीपण."

दार मिटल्याचा आवाज आला. लिफ्ट गुरगुरली आणि खाली यायला लागली. लॉबीतल्या सगळ्यांनी नकळत कपडे ठीक केले. दार उघडलं. आत मॅनेजर मॅडम उभ्या. केस सुटलेले, एका हाताचं नख तुटलेलं, कोटाची उजवी बाही अंगावर आणि डावी बाही हातात. दुसऱ्या हातात पेन, खंजीर धरावा तसं.

कुणी हसलं नाही. म्हणजे हसायचं धाडस झालं नाही. वॉचमन तेवढा वळून रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायला लागला. त्या रजिस्टरमध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं.

"स्टूल आणा," खुळखुळ्याची बायको म्हणाली. नवऱ्याकडे तिनं बघितलंही नाही. "मॅडम, बसा. हात असा धरा. हलू नका."

आणि लॉबीत, सगळ्यांच्या देखत, तिनं बाही लावायला घेतली. सुई अशी पळत होती की बघणाऱ्याचे डोळे फिरले. दरम्यान लिफ्टच्या दारात माणसांची रांग लागली. मदतनीस आत गेली, आरसा घेऊन आली. वकीलसाहेब भिंग घेऊन आले आणि त्याच भिंगातून त्यांनी खुळखुळ्याकडे पाहिलं, जणू कलम शोधतायत. हिशेबनिसाच्या ऑफिसातून कुणीतरी येऊन चुंबक नेलं. टॉर्चसुद्धा पहिल्या मजल्यावरचा निघाला! होकायंत्राला मात्र कुणी वाली आला नाही. असल्या वस्तूचा मालक जगात एकच असू शकतो.

शेवटचा टाका घालून बायकोनं दोरा तोडला. मॅडम उठल्या. बाही ओढून बघितली. टस की मस नाही. त्या खुळखुळ्यासमोर आल्या.

"मॅडम, लोण्यातून..." तो म्हणाला.

"एक शब्द बोलू नका," मॅडम म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून गेल्या.

त्यानंतरचा वेळ खुळखुळ्यानं लॉबीत उभ्यानं काढला. चावीचं जुडगं दोन्ही हातांत धरून. खिशात ठेवायचा त्याला धीर होत नव्हता. बायको वॉचमनच्या टेबलापाशी आपली कात्री कापडानं पुसत होती.

"गेलं काम," तो म्हणाला.

"जाईल तर जाईल," ती म्हणाली. "पण शेजारणीची माफी तुम्ही मागायची. मी नाही."

"काय सांगू तिला?"

"खिसा दाखवा. आपोआप कळेल."

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मॅनेजर लोकांना तसा चेहरा ठेवायचाच पगार मिळतो. त्यांनी खुळखुळ्याला आपल्यासमोर उभं केलं.

"मालकांनी विचारलं, उशीर का? मी खोटं बोलत नाही. म्हटलं, लिफ्ट अडकली होती. त्यांनी विचारलं, मग निघाली कशी? म्हटलं, मिस्त्रीनं लिफ्टला हातसुद्धा लावला नाही. नुसता खाली उभा राहून बोलत होता, आणि लिफ्ट निघाली."

"असं म्हणालात?" खुळखुळ्याचा आवाज चिरकला.

"खोटं आहे का? मालक म्हणाले, नव्या कंपनीला मी सकाळपासून फोन लावतोय. अजून ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हेच ऐकतोय. म्हणाले, तो निदान बोलतो तरी." मॅडमनी एक दम घेतला. "काम तुमच्याकडेच राहिलं. पण माझी एक अट आहे. उद्यापासून तुम्हाला युनिफॉर्म. आणि युनिफॉर्मला एकही खिसा नसेल."

"एकही?"

"वर नाही, खाली नाही, मागे नाही. लागेल ते हत्यार पेटीत. पेटी वॉचमनच्या टेबलाखाली. आणि घरी जाताना पेटी उघडून दाखवायची. टेलरताई, कापड मी देते. शिवाल ना?"

"आनंदानं!" बायको म्हणाली. इतक्या वर्षांत ती हा शब्द इतक्या मनापासून कधी बोलली नव्हती.

संध्याकाळी घरी खुळखुळा हात पसरून उभा होता आणि बायको त्याचं माप घेत होती. तोंडात टाचण्या, कपाळावर आठी. फोन टेबलावर पडल्या पडल्या वाजत होता. ‘रोजचा खिसा’ ग्रुपानं एकमतानं त्याचा फोटो आठवड्यातला सर्वोत्तम ठरवला होता, आणि पुढच्या फोटोची सगळे वाट पाहत होते. खुळखुळ्यानं फोन उलटा करून ठेवला.

"अगं, ऐक ना," तो गोड आवाजात म्हणाला. "आतल्या बाजूला... अस्तरात... एक छोटासा चोरखिसा? कुणाला दिसणार नाही. बोटभर."

तिनं टाचण्या तोंडातून काढल्या.

"मॅडमनी कापड देताना मला बाजूला घेऊन सांगितलंय. एक जरी खिसा निघाला, तर लिफ्टचं काम तुमच्याकडून काढणार."

"आणि त्या इस्त्रीवाल्या कंपनीला देणार?"

"नाही. मला."

खुळखुळा खो खो हसला. "तुला! अगं, लिफ्ट म्हणजे काय परकर आहे? विनोद करतात त्या!"

"हो, मीपण तेच म्हटलं," ती म्हणाली आणि त्याच्या कमरेभोवती पट्टी आवळली. आकडा कापडावर खडूनं लिहिला. मग दंडाचं माप घेता घेता, अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी म्हणाली,

"बरं मला सांगा, ते गच्चीवरचं मशीन असतं ना, त्याला तेल कुठल्या बाजूनं घालतात हो?"